दरवाजाचे चारशे बारा दगड

मंगळवार, ४ मार्च

दादा,

पाकिटावरचं अक्षर माझं नाही. माझं अक्षर ओळखून तू पत्र न फोडताच बाजूला ठेवलं असतंस, म्हणून पत्ता इथल्या लॉजवाल्या मावशींकडून लिहून घेतला. फसवणूक आहे, कबूल. पण फोन तू उचलत नाहीस आणि तुझ्या दारात येऊन उभं राहायची माझी छाती नाही. आता फोडलंच आहेस तर वाच.

मी तुझ्या किल्ल्यापाशी आहे. ठरवून आले नाही, मी ठरवून काय करते म्हणा. मधे चार महिने एका छापखान्यात होते, त्याआधी घोड्यांच्या पागेत. घोडे बरे, मालक चावायचा. ते असो. बसनं तिसरीकडेच चालले होते. वळणावर गंजलेली पाटी दिसली, किल्ल्याचं चित्र आणि खाली बाण. किल्ला डावीकडे आणि बाण उजवीकडे. मी उतरले.

तुला तुझीच गोष्ट सांगणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं. तरी एकदा लिहून काढते, म्हणजे माझं कुठे चुकत असेल ते मलाच दिसेल. सात वर्षांपूर्वी किल्ल्याचा मोठा दरवाजा पुढे कलला होता. पडण्याआधी तो दगड दगड करून उतरवायचा आणि तसाच्या तसा पुन्हा उभारायचा, असं पुरातत्त्व खात्यानं ठरवलं. तू नकाशेवाला. चारशे बारा दगडांवर लाल रंगानं आकडे तू घातलेस. कोणता दगड कितव्या थरातला, डावीकडून कितवा. मग काम रखडलं. आणि एक दिवस खात्याचा साहेब तपासणीला आला तर एकाही दगडावर आकडा नाही. साहेब म्हणाला, यानं आकडे घातलेच नव्हते, बसून पगार खाल्ला. तुझी नोकरी गेली.

आणि घरी जेवताना मी तुला विचारलं, "खरंच घातले होतेस ना रे आकडे?"

तू ताट सारून उठलास. दुसऱ्या दिवशी वहिनीला घेऊन गेलास, तो गेलासच.

दगड आहेत तिथेच आहेत, दादा. मैदानात रांगा लावून झोपवलेत, दवाखान्यातल्या खाटांसारखे. मधून काटेरी झुडपं उगवलीत. शेळ्या त्यावर उभ्या राहून लांब बघतात, काय बघतात कोण जाणे. मी एकेका दगडावर पाणी टाकून, नखानं खरवडून पाहिलं. एका दगडाच्या खाचेत लाल ठिपका सापडला, डाळीच्या दाण्याएवढा. म्हणजे आकडे होते. म्हणजे कुणीतरी पुसले. रंग काही आपणहून उठून जात नाही.

कुणी, ते शोधेपर्यंत मी इथून हलणार नाही. मी आणि एका जागी थांबणार, हे वाचून तुला हसू आलं असेल तर आलं. 

भिंगरी


रविवार, ९ मार्च

दादा,

तीन जणांवर माझा संशय आहे. आधी चौकीदार.

खात्याचा इथे हा एकच माणूस उरलाय, म्हणून सगळे त्याला 'सरकार' म्हणतात. "सरकार चहाला आलं", "सरकार न्हाव्याकडे बसलंय", असं. मी काका म्हणते. दरवाजा जाग्यावर नाही, पण त्याची वीतभर किल्ली काकांच्या कमरेला आहे. गणवेश रोज इस्त्रीचा. मी दगडांत फिरायला लागले की हा माणूस भुतासारखा मागे उभा.

"काय शोधतेस?"

"काही नाही, बघतेय."

"बघायचं असेल तर भिंत बघ. दगडात काय बघायचं?"

आता मला सांग, साध्या माणसाला याची फिकीर का असावी? चोराच्या मनात चांदणं. शिवाय येणाऱ्यांचं नाव लिहायची वही हा कधी स्वतः लिहीत नाही. ज्याचं नाव त्यानंच लिहायचं. स्वतःच्या हाताचं एक अक्षर कुठे राहू देत नाही, इतका सावध. (वहीत गेल्या महिन्यात एकोणीस जण. त्यातले बारा एकाच वाढदिवसाचे. केक कापला, फोटो काढले, खोका तिथेच टाकून गेले.)

दुसऱ्या मावशी. माणूस गोड, आणि गोड माणसाचा मला आधी संशय येतो. लॉजमध्ये अकरा खोल्या आणि मी धरून दोन गिऱ्हाइकं. दुसरा एक विम्याचा एजंट आहे, तो खोलीतून बाहेरच येत नाही, त्याच्यावर पण लक्ष आहे. मावशींच्या गल्ल्यामागे दरवाजाचा जुना फोटो आहे. दोन बुरूज, मधे कमान, कमानीखाली उभी तरुण मावशी. म्हणतात, "दरवाजा होता तेव्हा गाड्या वळायच्या. मला चादरी वाळवायला दोऱ्या पुरायच्या नाहीत. आता गाड्या पाटी बघतात आणि उलट्या दिशेला जाऊन परत येतात, शिव्या देत."

मग फिरत फिरत न्हाणीमागे गेले तर तिथे घडीव दगड. चांगला हातभर रुंद, कडेला खोबण. दरवाजाचाच.

"मावशी, हा कुठून आला?"

"धुण्याचा दगड आहे तो."

"किल्ल्याचा आहे."

"मग घेऊन जा. पण आधी मला दुसरा आणून दे. कपडे काय तुझ्या डोक्यावर आपटू?"

चोरी पकडल्यावर माणूस इतकं शांत राहतं? की चोरी नव्हेच ती? मला नीट कळलं नाही.

तिसऱ्या, रस्त्याच्या कामावरच्या बाई. तरुण अभियंता आहेत, डोक्यावर पिवळी टोपी, टोपीवर खडूनं कुणाचा तरी फोन नंबर. पर्यटन वाढवायचं म्हणून किल्ल्याच्या पायथ्याशी गाडीतळ मंजूर झालाय. गाडीतळाला खडी लागते. खडीसाठी क्रशर येतोय एकतीस तारखेला. आणि मैदानातले दगड कागदावर 'निरुपयोगी सुटे दगड' म्हणून लिहिलेत. ऐकलंस? लोक जे बघायला येणार ते दळायचं आणि त्यावर त्यांच्या गाड्या लावायच्या.

मी बाईंशी भांडले. त्या चिडल्या नाहीत, त्यामुळे संशय आणखी वाढला. म्हणाल्या, "मलाही बरं वाटत नाही. पण कोणता दगड कुठला हे कुणाला सांगता येत नाही. तो कागद आणा, मी क्रशर थांबवते. कागदाशिवाय माझ्या हातात काही नाही."

तो कागद म्हणजे घरातून नाहीशी झालेली तुझी वही. मापांची. तिच्याबद्दल लिहीन नंतर. आत्ता इथे एक शेळी खिडकीतून आत डोकावतेय आणि माझी टोपी खायच्या बेतात आहे.

भिंगरी


शनिवार, १५ मार्च

दादा,

सापडला.

दुपारी ऊन फार होतं म्हणून काकांच्या चौकीत पाणी प्यायला शिरले. पत्र्याची खोली, एक खाट, एक रेडिओ, गणवेश खिळ्याला टांगलेला. खाटेच्या वर काचेच्या चौकटीत एक कागद, वर खात्याचा शिक्का. त्यावर कणभर धूळ नाही. बाकी खोलीत आहे.

मी बघतेय म्हटल्यावर काका एकदम बदलले. दहा दिवसांत पहिल्यांदा हसले.

"वाच," म्हणाले. "मोठ्यानं वाच. साहेबांनी दिला तेव्हा एकदा वाचून दाखवला होता. त्यानंतर कुणी वाचला नाही."

"तुम्ही?"

"मला कुठे वाचता येतं."

मी वाचायला लागले. किल्ल्याच्या भिंतींवरील व आवारातील सुट्या दगडांवरील सर्व लिखाण अकरा दिवसांत एकट्याने स्वच्छ केल्याबद्दल प्रशस्तिपत्र. 'सुट्या दगडांवरील' हे मी दोनदा वाचलं. काकांना वाटलं शब्द अवघड आहे. म्हणाले, "सावकाश वाच, घाई नाही."

मग स्वतःच सांगायला लागले, थांबेचनात. मंत्री येणार होते. भिंतींवर पोरापोरींची नावं, बदाम, बाण. साहेबांचा हुकूम आला, किल्ल्यावर एक अक्षर दिसता कामा नये. दिसलं तर नोकरी विसर. मग तारेचा ब्रश आणि बाटलीतलं जळजळतं औषध घेऊन हा माणूस अकरा दिवस घासत होता.

"भिंतीवरचं सोपं होतं. कोळशाचं, खडूचं. पण त्या खालच्या दगडांवरचं लाल, ते फार चिवट. हे बघ." अंगठा दाखवला. नख अजून वाकडंच येतं.

"काका, ते लाल काय लिहिलं होतं?"

"काय असणार? हेच ते, ह्याचं तिच्यावर आणि तिचं ह्याच्यावर. बदाम काढला असेल तर मला ओळखू येतं. बाकी अक्षर म्हणजे अक्षर."

दादा, खालची सही त्याच साहेबाची आहे. तारीख पाहिली. तुला नोटीस मिळाली त्याच्या आधी पाच आठवडे. म्हणजे आकडे होते, हुकमानं पुसले गेले, आणि हे त्याला माहीत होतं. मंत्री येऊन गेल्यावर त्याच्या लक्षात आलं असणार की आपल्याच हुकमानं काय होऊन बसलं. मग दोष ठेवायला एक माणूस हवा होता. चौकीदारावर ठेवावा तर त्याला शाबासकी आपणच दिलेली. उरलास तू.

माझ्याकडे कागदाचा फोटो आहे. काका चहा आणायला गेले तेवढ्यात काढला. उद्या बाईंकडे नेते, मग वर्तमानपत्रात. काकांना काही बोलले नाही. जूनमध्ये ते निवृत्त होतायत, पेन्शनचे कागद वर गेलेत. खात्याचं काम यांनीच पुसलं हे बाहेर आलं तर पेन्शन अडकेल, हे मला कळतं. पण तुझी सात वर्षं अडकलीत त्याचं काय? आणि परत येऊन ते चहा देताना म्हणाले, "बाहेरगावची शिकलेली पोरगी तू, तुला माझ्या कामाचं वाटलं काहीतरी. इथल्या कुणाला वाटत नाही." मी चहा प्यायले. चांगला होता.

आणि वही. तीही साहेबानंच गायब केली असणार. ज्यानं एवढं केलं त्याला घरातून एक वही उचलायला काय लागतं. कुणाला तरी पाठवलं असेल. तेव्हा आपल्याकडे मीटर बघायला तो एक माणूस येत नव्हता का, जाड मिशांचा? मला तेव्हाच तो बरा वाटला नव्हता.

भिंगरी


शुक्रवार, २१ मार्च

दादा,

मी फोटो बाईंकडे नेला नाही. सहा दिवस झाले. रोज चौकीपर्यंत जाते आणि शेळ्यांशी बोलून परत येते.

आज वहिनीचं कार्ड आलं. दोनच ओळी. "पत्रं वाचतात. उत्तराचं विचारू नकोस." आणि मग कडेला उभं करून बारीक अक्षरात, "मीटरवाल्याचं वाचून म्हणाले, वही सापडली असती तर बाकी कशाची गरज नव्हती. मग दिवसभर बोलले नाहीत."

ते मी कितीदा वाचलं सांगत नाही.

मीटरवाल्यानं नेली नाही. साहेबानंही नाही.

तुला आठवतं, मी नापास झाले आणि तीन दिवस घरातून पळून गेले होते? ती माझी पहिली पळापळ. जायच्या आदल्या दिवशी आई बाजारात होती आणि रद्दीवाला दारावर ओरडत आला. मला ती पुस्तकं डोळ्यांसमोर नको होती. मी फळीवरचं सगळं कवेत घेतलं आणि त्याच्या तागडीत ओतलं. बघितलं नाही काय आहे ते. त्यानं सुतळी बांधली तेव्हा वरून दिसलं, एक लांबट वही, राखाडी कापडी पुठ्ठा. मला वाटलं भूमितीची. दादा, तेव्हा मला खरंच तसंच वाटलं. एवढ्यावर विश्वास ठेवलास तरी पुरे, बाकी कशावर ठेवू नकोस.

कारण बाकी सगळं मला माहीत होतं. पंधरा दिवसांनी तू घर उलटंपालटं केलंस. पक्की प्रत करायला मापांची वही घरी आणली होती, ती मिळेना. तू विचारलंस, राखाडी पुठ्ठ्याची वही कुणी पाहिली का. आई म्हणाली नाही. बाबा म्हणाले नाही. मी म्हणाले नाही. तू पलंग उचलत होतास आणि मी दुसऱ्या बाजूनं धरायला मदत करत होते.

दुसऱ्या दिवशी रद्दीवाल्याकडे धावत गेले होते. ढीग तेव्हाच कारखान्यात गेला होता.

आणि मग ते जेवण. तू म्हणालास, "वही घरातूनच गेलीय. घरातल्या कुणाला तरी माहीत असणार." तू माझ्याकडे बघत नव्हतास. कुणाकडेच बघत नव्हतास. पण मला वाटलं आता बघशील. म्हणून मी आधी विचारलं. खरंच घातले होतेस ना रे आकडे? बाबांची मान एकदम तुझ्याकडे वळली, आणि वहीचं कुणी पुन्हा काढलं नाही.

तो प्रश्न भोळेपणानं विचारला असं तू समजत असशील, किंवा अविश्वासानं. दोन्ही नाही. मी स्वतःवर येणारा संशय उचलून तुझ्यावर ठेवला. साहेबानं कचेरीत केलं ते मी त्याच आठवड्यात ताटावर बसून केलं, आणि माझं वय सोळा होतं.

तेव्हापासून मला सगळ्यांचा संशय येतो. मावशींचा, बाईंचा, विम्याच्या एजंटाचा. तो बिचारा आजारी आहे, काल मावशी त्याला पेज नेऊन देत होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा. सात वर्षं मी कुठे टिकले नाही ती काय मला हिंडायची हौस होती म्हणून? कुठेही दोन-चार महिने झाले की कुणीतरी विचारतं, घरी कोण कोण आहे. मग मी पिशवी भरते.

चौकटीतला कागद वर्तमानपत्रात दिला असता तर तुझं नाव धुऊन निघालं असतं, काका बुडाले असते, आणि मी तुझा न्याय करून देणारी बहीण झाले असते. ते मला इतकं आवडलं होतं, की त्याचाच मला संशय आला.


सोमवार, २४ मार्च

दादा,

शुक्रवारी ते पत्र टाकलं आणि काकांना सांगितलं. दोन्ही सांगितलं, आधी माझं आणि मग त्यांचं. उलट क्रमानं सांगायची माझी लायकी नव्हती.

ते खाटेवर बसून होते. हातातली किल्ली फिरवत होते. मग विचारलं, "ते लाल म्हणजे आकडे होते?"

"हो."

"सगळे?"

"चारशे बारा."

"तो उंच मुलगा ना? गुडघ्यावर बसून लिहायचा. मला वाटायचं खात्याचा माणूस, तो कशाला नावं लिहील. पण हुकूम होता एक अक्षर नको, आणि विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर वाचता येत नाही हे कळलं असतं. भरतीच्या अर्जात मी येतं म्हणून लिहवून घेतलं होतं." मग म्हणाले, "म्हणजे आपण दोघांनी मिळून बुडवलं की त्याला."

मी म्हटलं हो.

मला वाटलं होतं ते रडतील किंवा मला हाकलतील. ते उठले, गणवेश चढवला, बटणं लावली, चौकट खिळ्यावरून काढली आणि काखेत मारून निघाले. मी मागे धावतेय. "काका, पेन्शन अडकेल. नीट विचार करा."

"केला."

"कधी?"

"बटणं लावताना."

बाईंच्या टेबलावर चौकट उताणी ठेवली आणि सरळ उभं राहून सांगितलं, आकडे होते, मी पुसले, हुकूम या सहीवाल्या साहेबांचा. बाईंनी कागद दोनदा वाचला, तारीख लिहून घेतली, काकांना खुर्ची दिली. त्यांनी तुझ्यासाठी खात्याला पत्र पाठवलंय, त्याची प्रत सोबत आहे. त्यात काकांबद्दल काय लिहायचं यावर त्या फार वेळ पेन चावत बसल्या होत्या. 'वरिष्ठांच्या आदेशानुसार' एवढंच लिहिलंय. अडकेल की सुटेल ते जूनमध्ये कळेल.

पण त्या म्हणाल्या, "यानं माणूस सुटतो, दरवाजा उभा राहत नाही. एकतीसपर्यंत मला निदान एक थर दाखवा. सगळ्यात खालचा. तो जुळला तर बाकीचेही जुळतील असं मी वर सांगू शकते, आणि क्रशर परत पाठवते."

शनिवार सकाळपासून आम्ही मोजतोय. फीत मी धरते. काकांना माझ्याआधी कळतं कुठल्या दगडाला खोबण आहे, कुठल्याची कड आत वळते. डोळे मिटून हात फिरवतात आणि सांगतात. म्हणाले, "अकरा दिवस एकेकाला घासलंय. तोंडं विसरेन, पाठी नाही विसरणार." मावशींनी विम्याच्या एजंटाला उन्हात बसवून लिहायला लावलंय, त्याचं अक्षर बरं आहे. शेळ्या हाकलायचं काम कुणीच करत नाही.

सोबत चार पानं आहेत. शहाऐंशी दगडांची लांबी, रुंदी, जाडी, खोबण असेल तर कोणत्या बाजूला. जाड आणि जड तेवढेच आधी घेतलेत, खालचा थर त्यातलाच असणार असं काका म्हणतात. चुकतही असेल. तूच सांगशील. चारशे बारा दगड तू हातानं लिहिलेस, दोनदा, एकदा रंगानं आणि एकदा वहीत. ती वही मी घालवली, पण लिहिणारा तू आहेस.

मी माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि ते ओझं तुझ्यावर टाकायचा मला हक्क नाही.

पानांवर उजवीकडचा रकाना रिकामा सोडलाय. जो दगड ओळखू येईल त्याच्यापुढे त्याचा आकडा घाल, जो येणार नाही तो राहू दे. एक शब्दही लिहायला नको. आत तिकीट लावलेलं पाकीट ठेवलंय. त्यावर माझा पत्ता नाही, अभियंता बाईंच्या कचेरीचा आहे, म्हणजे तू मला लिहिलंस असं होणार नाही.

टपाल इथे तीन दिवसांत पोचतं. मी विचारून आले.